गाडी बंद, कोट दोरीवर

मी लामारा. समुद्राकाठच्या आमच्या नापिरी गावात ट्रॉलीबस सुरू झाली तेव्हा ती चालवणारी पहिली बाई मी, आणि शेवटची फेरीही माझीच. मधल्या वीस वर्षांत मी ज्यांच्यावर संशय घेतला त्यांना रांगेत उभं केलं, तर रांग स्टेशनापासून समुद्रापर्यंत जाईल. स्वभावाला औषध नाही. माझा नवरा गुराम म्हणायचा, "हिला स्वर्गात नेलं तरी दाराची कडी आतून आहे की बाहेरून, ते ही आधी बघेल." गुराम गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण त्याच्या या बोलण्यावर शेजारी अजून हसतात.

आमचं आवार बाजाराच्या मागे आहे. चारी बाजूंनी तीन मजली घरं, मध्ये नळ आणि तुतीचं झाड, आणि वर या सज्जापासून त्या सज्जापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. माझी दोरी समोरच्या नानुलीच्या सज्जाला जाते. दोरी एकच, दोन्ही टोकांना कप्प्या. मी ओढली की माझे कपडे तिच्याकडे सरकतात, तिनं ओढली की तिचे माझ्याकडे येतात. त्यामुळे तिच्या घरचा फाटका बनियनसुद्धा मला पाठ आणि माझ्या घरचं सगळं तिला. नानुली माझ्याहून चार वर्षांनी मोठी, गोड बोलणारी, दर दोन वाक्यांनी "तुझी पीडा मला येवो गं" म्हणणारी. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, पण ती म्हणायची तेव्हा खरं वाटायचं. तिचा नवरा जुम्बेर फ्रिज दुरुस्त करायचा. सकाळी नऊच्या आत कधी उठायचा नाही. वाईनचे दोन पेले पोटात गेले की एकच गोष्ट सांगायचा: पंच्याहत्तर साली गावात खांब उभे राहिले तेव्हा तो सहा महिने त्या टोळीत होता, आणि दीपगृहाकडची पहिली तार त्यानं स्वतःच्या हातानं चढवली. ही गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ऐकणंच सोडून दिलं होतं.

शहात्तरच्या मे महिन्यात बँड लावून पहिली गाडी निघाली. चेकोस्लोव्हाकियाहून आलेल्या लाल-पांढऱ्या गाड्या, डोक्यावर दोन लांब दांडे. गाव त्यांना शिंगं म्हणायला लागलं ते आजपर्यंत. मी तेविसाची होते. मला निळा कोट मिळाला, पितळी बटणांचा, आणि आवारातल्या बायका म्हणाल्या, "झालं, लामाराला शिंगं फुटली!" म्हातारे मात्र चढायला तयार नव्हते. धूर नाही, आवाज नाही, म्हणजे गाडी काहीतरी लपवते आहे, असं त्यांचं म्हणणं. मला ते म्हणणं पटायचं, पण कोट इतका शोभत होता की मी गप्प बसले.

शिंगं तारेला लावायला मला कार्लोनं शिकवलं. कार्लो तारवाला, गुरामचा दोस्त, आमच्या लग्नात त्यानंच पेले उचलून सगळ्यांना शुभेच्छा देत पहाट केली होती. वळणावर शिंगं तारेवरून उडाली की खाली उतरायचं, गाडीमागचे दोर ओढायचे आणि शिंगं परत तारेला टेकवायची. "हाताकडे बघू नकोस, वर बघ," तो म्हणायचा. "आणि एक लक्षात ठेव. तार मेली आहे असं देवानं येऊन सांगितलं तरी ती जिवंत आहे असंच समजायचं." शिंगांच्या टोकाला कोळशाचे तुकडे असतात, तारेवर घासून त्यांची काळी भुकटी दोरांवर उतरते आणि दोरांवरून बाह्यांवर. दोन दिवसांत निळा कोट कोपरापर्यंत काळा. पण तेव्हा मला दोन कोट होते, आणि डेपोत धोबीण होती.

काय दिवस होते ते! पंच्याऐंशी साली तीन मार्ग, बेचाळीस गाड्या. एक नंबर स्टेशन ते बंदर, तीन नंबर चहाच्या कारखान्याकडे, आणि माझा दोन नंबर: बाजार, समुद्राकाठचा रस्ता, सुट्टीवर येणाऱ्यांचं सॅनेटोरियम, दीपगृह. उन्हाळ्यात मॉस्कोहून आलेल्या बायका टोपलीभर पीच घेऊन चढायच्या आणि उतरताना एखादं माझ्या काचेजवळ ठेवून जायच्या. मी ते आधी हुंगून बघायची. मग खायची.

मग सगळं कोसळलं. राज्य गेलं, रुबल गेला, लढाई झाली, वीज गेली. सॅनेटोरियममध्ये पाहुण्यांच्या जागी लढाईतून पळून आलेली कुटुंबं राहायला आली. गाड्या सुट्या भागांसाठी एकमेकींना खाऊ लागल्या. पण आमचा खरा जीव घेतला तो तारेनं. तांब्याची तार, अंगठ्याएवढी जाड. बंदरातून तुर्कस्तानला भंगार जायला लागलं तशी ती खांबांवरून नाहीशी होऊ लागली. त्र्याण्णवला तीन नंबर संपला, चौऱ्याण्णवला एक नंबर. रस्त्यावर पिवळ्या व्हॅन आल्या, दारात लटकून माणसं जायला लागली. उरला दोन नंबर, त्यावर दोन गाड्या आणि आम्ही नऊ माणसं. सॅनेटोरियमच्या लोकांना व्हॅन परवडत नव्हती, म्हणून नगरपालिकेनं एवढं ठेवलं होतं. धोबीण नव्हती आणि कोट एकच होता. आमचे साहेब झाउरी मात्र अडून बसलेले: "देश बुडाला तरी चालेल, पण माझ्या गाडीवर माणूस कोटातच बसेल."

पंच्याण्णव साली आमच्या डेपोला वीज एक दिवस असायची, दोन दिवस नसायची. कधी असेल हे कुणालाच ठाऊक नसे. मी पहाटे पाचला चालत डेपोत जायची. त्या वेळी तारेत वीज नसली तर दिवसभर येत नसे, म्हणून मी परत घरी. मग करायचं काय? कोट धुवायचा. सात वाजेपर्यंत तो दोरीवर असायचा. गाडी बंद, कोट दोरीवर. मला हा माझा टापटीपपणा वाटायचा.

दोन नंबरची तार शेपटीकडून खाल्ली जात होती. आधी दीपगृहाचं टोक गेलं. मग संत्र्याच्या बागेपर्यंतचं. आम्ही सॅनेटोरियमलाच गाडी वळवायला लागलो. तिथून पुढे थोडी तार उरली होती, तिच्याखालून गाडी जात नव्हती, पण वीज आमच्याबरोबर तिच्यातही असायची. चोर भर दिवसा यायचे. अंगात कामगारांचे कपडे, लाकडी शिडी. सॅनेटोरियमच्या बायकांना वाटलं दुरुस्ती चालली आहे. त्यांनी त्यांना पाणीसुद्धा दिलं होतं. बोट पहिल्यांदा त्या बायकांवरच उठलं, कारण परका माणूस सगळ्यात स्वस्त. पण मी कापलेली टोकं पाहिली होती. हिसकलेली नव्हती. तारेला धरून ठेवणाऱ्या पकडी एकेक करून स्क्रू काढून सोडवलेल्या होत्या, आणि चोरी नेहमी तार मेलेली असेल त्याच दिवशी व्हायची. गाडी बिघडून बंद राहिली आणि मी दिवसभर डेपोत अडकले त्या दिवशी कधीच नाही.

जुलैमध्ये झाउरी साहेबांनी आम्हा नऊ जणांना डेपोच्या खोलीत बसवलं. "नगरपालिका म्हणते, असेच खांब रिकामे होत राहिले तर मार्ग बंद. मला सांगा, तार मेली आहे हे पहाटे कुणाला कळतं?"

आमच्याकडे नाव घ्यायची वेळ आली की सगळ्यांना खिडकीबाहेरचं झाड दिसायला लागतं.

"आपल्यालाच," मी म्हणाले.

"म्हणजे कुणाला?"

माझ्या डोक्यात महिनाभर एकच गोष्ट घोळत होती. कार्लोच्या घरावर नवे पत्रे आले होते. सहा महिने पगार नाही आणि डोक्यावर कोरे पत्रे! "बातोनो झाउरी," मी साहेबांना अदबीनं म्हणाले, "पकडी सोडवायला हत्यार लागतं आणि हात लागतो. ते कुणाकडे आहेत ते इथं सगळ्यांना माहीत आहे. कुंपणच शेत खात असेल तर राखणदार कशाला विचारताय?"

कार्लोनं माझ्याकडे पाहिलं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "लामारा, गुराम असता तर आज तुझ्या हातून पाणी प्यायला नसता," आणि टोपी घेऊन निघून गेला.

पोलिसांनी त्याला दोन दिवस बसवून ठेवलं, त्याची हत्यारं नेली. काही सापडलं नाही, पण झाउरी साहेबांनी त्याला कामावर परत घेतलं नाही. बाजारात लोक त्याच्याशी बोलेनासे झाले. मासेवाल्यानं त्याला पाहून पाठ फिरवली हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू? चोर सापडला असं वाटलं की संशयी माणसाला झोप लागते. मी तीन आठवडे शांत झोपले.

मग पुन्हा तार गेली. दोन खांबांमधली. सॅनेटोरियमच्या फाटकापासून आता फक्त चार खांब उरले.

त्या रविवारी कार्लो माझ्याकडे आला. आत आला नाही. सज्जात उभा राहिला, कठड्याला टेकून. दाढी वाढली होती.

"या खेपेला मी कुठं होतो माहीत आहे? कुताइसीला. चुलतभावाच्या मयताला. दोनशे माणसांनी पाहिलं मला."

"पत्रे कुठून आले?" मी विचारलं. बघा माझा स्वभाव.

"मेहुण्यानं गोदामाचं छप्पर उतरवलं त्याचे आहेत. जाऊन उलटून बघ, दुसऱ्या बाजूला गंज आहे." तो हसलासुद्धा नाही. "तू म्हणालीस, तार मेली हे आपल्यालाच कळतं. मी घरी बसून तेच मोजत बसलो. आठ चोऱ्या. बातमी माझ्याकडून बाहेर जात नव्हती, वीजघरात तारेची कळ सांभाळणाऱ्या बाईचं तर घरच तिथं आहे, ती बाहेर पडत नाही. मग गावाला कोण सांगतं? आज सकाळी खालच्या नळावर आलो आणि वर पाहिलं." त्यानं दोरीवर बोट ठेवलं. माझा कोट तिथं होता, मधोमध, बाह्या पसरून. "गाडी बंद आहे ना आज?"

"बंद आहे."

"मला तुला विचारावंच लागलं नाही."

मला राग आला, भयंकर. म्हणजे चोर मीच? "माझ्या घरात येऊन मलाच?" असं काहीतरी मी ओरडले.

"तू चोर नाहीस. तू घंटा आहेस," कार्लो म्हणाला. "हा कोट कुणाकुणाला दिसतो ते बघ. एवढंच सांगायला आलो होतो. फक्त बघ."

तो गेला आणि मी सज्जात बसले. आवारात अठरा घरं. तळमजल्यावरचा न्हावी रोज विचारायचा, "लामारा, आज गाडी आहे का?" शाळेतल्या बाई विचारायच्या. पोळीभट्टीवाला, चांभार, खालची म्हातारी, सगळे येता-जाता विचारायचे. ज्याला माहीत असतं तो कशाला विचारेल? मी एकेक खिडकी पाहत गेले आणि समोर येऊन थांबले. जुम्बेर सज्जात बनियनवर बसून कलिंगड खात होता. त्यानं सुरी उंचावून मला हात केला. गेल्या दोन वर्षांत त्यानं मला गाडीबद्दल एका शब्दानं विचारलं नव्हतं. आणि पहिली तार कुणी चढवली होती? काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण लगेच वाटलं, थांब, लामारा. तीन आठवड्यांपूर्वी कार्लोबद्दलही तुला इतकीच खात्री होती.

सोमवारी वीज होती. गाडी चालवली. कुणाला काही बोलले नाही.

मंगळवारी पहाटे साडेचारला मी ओट्यापाशी उभी राहून कॉफी घेत होते. भाजलेल्या जवाची, तीच कॉफी म्हणायची. कोट अंगात होता. कप हातातून निसटला आणि सगळी पुढच्या बटणांवर सांडली. मी कोट काढला, तसाच बादलीत बुचकळला, पिळला आणि दोरीवर टाकला. झाउरी साहेब ओरडतील तर ओरडू देत. गुरामचं जुनं जाकीट चढवलं आणि निघाले. आज तारेत वीज असेल की नसेल, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ही गोष्ट मी स्वतःला हजारदा सांगितली आहे. खरी आहे ती.

डेपोत पोचले तर दिवे लागलेले. वीज होती.

झाउरी साहेबांनी जाकिटाकडे पाहून कपाळाला हात लावला, पण दुसरा माणूस नव्हता, म्हणून सोडलं. मी गाडी काढली. सकाळी नऊला बाजाराच्या थांब्यावर उभी होते. सॅनेटोरियमच्या बायका पिशव्या घेऊन चढत होत्या, एका म्हातारीचं कोंबडीच्या टोपलीवरून भांडण चाललं होतं, पाच-सात मिनिटं तरी लागणार होती. माझं घर तिथून दोनशे पावलांवर. आणि मला कोट आठवला.

स्पष्ट आठवला. दोरीवर, मधोमध. मनात आलं, जाऊन काढून यावा. मग मनात आलं, राहू दे. बघू या. कार्लोनं बघायला सांगितलं आहे ना? तार जिवंत आहे हे कळलं की येणारा शिडी लावून परत जाईल, सॅनेटोरियमच्या बायका त्याचा चेहरा पाहतील, मी त्यांना दुपारी विचारीन. असं सगळं मी त्या पाच मिनिटांत ठरवलं. तारवाला तार तपासल्याशिवाय हात लावत नाही, असंही मी मनाशी म्हणाले. म्हातारी बसली, मी दार लावलं आणि गाडी काढली.

बारा वाजून गेल्यावर समुद्राकाठच्या रस्त्यावर गाडी एकदम मेली. शिंगं तारेवरच होती. मागे कुणीतरी म्हणालं, "झालं, गेली वीज!" वीज अशी जात नाही. दूर कुठंतरी दोन तारा एकमेकींना मिळाल्या की अशी जाते. मी पेडलवरचा पाय काढला.

झाउरी साहेबांची जीप आली, त्यांनी मला उचललं. सॅनेटोरियमच्या पुढे, तिसऱ्या खांबाखाली, बायकांचा घोळका होता. शिडी आडवी पडलेली. जोडीदार होता तो वरच्या रस्त्यानं गाडी घेऊन पळाला होता. कोण ते आजपर्यंत कळलं नाही, आणि मी आजही बाजारात माणसांच्या तोंडाकडे त्या नजरेनं बघते. जुम्बेर पाठीवर पडला होता. हात काळे. पण डोळे उघडे होते.

मी त्याच्याजवळ बसले. त्यानं मला ओळखलं. ओळखलं आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते दुखणं नव्हतं. लहान मुलाला आपण खोटं सांगून फसवलं की ते जसं बघतं, तसं तो माझ्याकडे बघत होता.

"कोट," तो म्हणाला. "कोट तर..."

"काय म्हणतोय?" झाउरी साहेबांनी विचारलं.

"कोट होता ना गं," जुम्बेर म्हणाला.

दवाखान्यात पोचायच्या आधीच तो गेला.

आमच्याकडे मयताच्या घरी माणसं चार-पाच दिवस येत राहतात. बायका शवपेटीभोवती बसतात, पुरुष खाली आवारात टोप्या काढून उभे. चोरी करताना गेला हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही ते बोललं नाही. मेलेल्या माणसाचा हिशेब देव करतो, आपण भात आणि वाईन करायची. मी नानुलीच्या शेजारी बसले होते. झाउरी साहेब आत आले, तीनदा पेटीला फेरी घातली, आणि काहीतरी चांगलं बोलावं म्हणून नानुलीला म्हणाले, "शेवटच्या क्षणी शुद्धीवर होता बिचारा. कोट मागत होता. थंडी वाजत असणार."

नानुली उठली. आतल्या खोलीत गेली आणि जुम्बेरचा हिवाळ्यातला कोट घेऊन आली, लोकरीचा, मेंढीच्या कॉलरचा. ऑगस्टचा महिना, खोलीत मेणबत्त्या, बायकांच्या पाठी घामानं भिजलेल्या. तिनं तो कोट त्याच्या अंगावर घातला, गळ्यापर्यंत, आणि कॉलर नीट केली.

"कोट मागत होता गं," ती मला म्हणाली. "तूच होतीस ना जवळ?"

"हो," मी म्हणाले.

"मग तू का नाही सांगितलंस?"

मी रडले. सगळ्यांना वाटलं शेजारणीसाठी रडते आहे, आणि तसं रडतही होते.

दफन झाल्यावर कार्लो दफनभूमीच्या फाटकापाशी उभा होता. लोक त्याच्याकडे जाऊन हात मिळवत होते, मासेवाल्यानं तर मिठी मारली. झाउरी साहेबांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. त्याची अब्रू परत आली. मी सगळ्यात शेवटी गेले.

"माझी जीभ झडो, कार्लो," मी म्हणाले. "चूक झाली."

"ती झाली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "मंगळवारी वीज होती. मग कोट दोरीवर कसा?"

"कॉफी सांडली."

तो माझ्याकडे बघायला लागला. वीस वर्षं मी लोकांकडे जशी बघत आले, तसा.

"सांडली," तो म्हणाला.

"सांडली, कार्लो! गुरामची शपथ!"

"मी तुला बघायला सांगितलं होतं, लामारा," तो म्हणाला, आणि टोपी घालून उतारावरून निघून गेला.

सांडलीच होती. पण नऊ वाजता बाजारात ती पाच मिनिटं होती, आणि त्यांची शपथ मी घेऊ शकत नाही. त्याला नुसतं पकडायचं होतं मला. तार तपासेल असं खरंच वाटलं होतं. वाटलं होतं का? पहाटे डोळा उघडला की मी स्वतःला उभी करते आणि उलटतपासणी घेते, आणि ही बाई काहीतरी लपवते आहे असं रोज वाटतं.

मार्ग आणखी वर्षभर चालला. मग नगरपालिकेनंच उरलेली तार उतरवून विकली, दिवसाढवळ्या, सही-शिक्क्यानिशी, आणि कुणाला पोलिसांनी बोलावलं नाही. शेवटच्या दिवशी मी बाजार ते सॅनेटोरियम एक फेरी मारली. कोटात बसून. तो वर्षभर मी खोलीतच वाळवत होते, खुर्चीच्या पाठीवर. पूर्ण कधी सुकायचा नाही, कुबट वास यायचा.

आणि एक गोष्ट मला उशिरा सुचली. जुम्बेर नऊच्या आत कधी उठायचा नाही. कोट सातला दोरीवर यायचा, आणि त्या मंगळवारचा उशीर सोडला तर सॅनेटोरियमच्या बायकांना चोर आठलाच दिसायचे. मग त्याला उठवायचं कोण? सहाला सज्जात कॉफी घेऊन कोण बसायचं? दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं? मी हे कुणाला बोलले नाही. एका माणसाला मी आधीच असं बोलून बसले आहे.

परवा सकाळी कप्पी करकरली. नानुली तिचे काळे झगे वाळत घालत होती. चौथं वर्ष चालू आहे तरी तिनं काळं सोडलेलं नाही. झगे माझ्या बाजूला सरकत आले आणि थांबले. तिनं कठड्यावर हात ठेवले.

"लामारा," ती समोरून म्हणाली, नेहमीसारख्याच गोड आवाजात, "आता तर गाडी रोजच बंद असते. मग कोट का दिसत नाही गं दोरीवर?"

मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मधे आवाराएवढं अंतर, आणि ऊन डोळ्यांवर येत होतं.

"आता मळत नाही," मी म्हणाले.

"तुझी पीडा मला येवो गं," नानुली म्हणाली, आणि तिनं दोरी आणखी थोडी ओढली.